एक हजाराचा घोडा दहा रुपयांना
व्यापारी कायदा आणि पर्यावरणाचे अर्थशास्त्र : मराठी पाठ्यपुस्तकांचा मागोवा, करमाळ्याच्या वाटेने

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या पंचविसाव्या कलमाखाली एक छोटे उदाहरण दिलेले आहे. 'अ' हा एक हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांना विकायचे कबूल करतो. त्याने मोकळ्या मनाने संमती दिली असेल, तर मोबदला कितीही अपुरा असला तरी करार पक्का ठरतो. पुढच्याच उदाहरणात तोच 'अ' म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. मग मात्र किमतीतली ही तफावत न्यायालयाने विचारात घ्यायची असते. कायद्याने दोन ओळींत मांडलेला हा पेच बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचला, पाठ केला आणि परीक्षेत उतरवला.

पाठ्यपुस्तकांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. कविता, कादंबरी, वृत्तपत्र यांचे इतिहास झाले. ज्या पुस्तकांवर तालुक्याच्या गावातला पहिल्या पिढीचा पदवीधर घडला, ती पुस्तके मात्र परीक्षा संपली की रद्दीत गेली. या लेखात अशा दोन विषयांच्या पुस्तकांचा विचार केला आहे : व्यापारी कायदा आणि पर्यावरणाचे अर्थशास्त्र. पाहण्याची जागा म्हणून सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका घेतला आहे. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. मूळचा जिराईत, ज्वारीचा मुलूख आणि उजनीनंतर ऊस-केळीचा. हे दोन्ही विषय इथल्या माणसांच्या आयुष्यात पुस्तकाच्या कितीतरी आधी आले होते.

कागद वाचता न येणारा ऋणको

करार कायदा लागू झाला त्याला तीन वर्षे होत नाहीत तोच, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख विशेषतः सावकाराच्या पेटीतल्या खतांवर होता. कर्जरोखे, गहाणखते बाहेर काढून जाळणे हाच अनेक ठिकाणी दंग्याचा हेतू होता.

या रागाला कायद्याचेच कारण होते. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोचे संरक्षण व्हावे हा उद्देश. झाले उलटेच. मुदत संपायच्या आत सावकार नवे खत करून घेई, त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि दर तीन वर्षांनी कर्जाचा आकडा फुगत जाई. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक, पण प्रत्येक नव्या खतात जुने व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो कुठे लावणार? खत मोडीत, वाचणारा सावकार, लिहिणारा त्याचा कारकून, आणि खाली शेतकऱ्याची निशाणी. न्यायालयासमोर ते खत आले की संमती सिद्ध. हजाराचा घोडा दहा रुपयांना जात होता, आणि कागदावर सगळे रीतसर होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम चार जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. म्हणजे करमाळाही त्यात आला. या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. न्यायाधीशाने केवळ खतावर न थांबता व्यवहाराचा मागचा सगळा इतिहास उकलून पाहावा असे सांगितले. आणि शेतकऱ्याचे कर्जखत गावनोंदणी कामगारापुढे झाल्याशिवाय ग्राह्य धरू नये असे ठरवले. पुढे १८९९मध्ये करार कायद्याच्याच सोळाव्या कलमात दुरुस्ती होऊन, वरचढ पक्षाने केलेला सौदा वरकरणी अन्यायकारक दिसत असेल तर गैरवाजवी दडपण नव्हते हे त्यानेच सिद्ध करावे, असा नियम आला.

'गैरवाजवी दडपण' हे आज व्यापारी कायद्याच्या पुस्तकातले चार-पाच गुणांचे प्रकरण आहे. ज्या मुलखातल्या अनुभवाने अशा तरतुदी कायद्याला घ्यायला लावल्या, त्याच मुलखातला विद्यार्थी ते वाचतो. पण प्रकरणात त्या इतिहासाला सहसा जागा नसते.

शास्त्र मराठीत आले, आणि थांबले

मराठीत अर्थशास्त्र लवकर आले. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९चे. हरि केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांची 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ची, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ची. शीर्षके पाहिली तरी लेखकांची धडपड कळते. शास्त्राला नावच नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापले नाव शोधले.

उच्च शिक्षण मात्र इंग्रजीत गेले. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले, १९४३मध्ये पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. वाणिज्य ही शाखा शहराची, आणि तिची पुस्तके इंग्रजी. मर्कंटाइल लॉ म्हटले की पुढे दिल्लीच्या प्रकाशकांची जाडजूड पुस्तके आली, एन. डी. कपूर यांचे पुस्तक तर देशभरच्या वाणिज्य विद्यार्थ्यांच्या हातात होते.

चित्र बदलले ते महाराष्ट्र राज्य झाल्यावर. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघू लागली. करमाळ्यातले यशवंतराव चव्हाण महाविद्यालय याच परंपरेतले. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात चालले होते. इंग्रजीतले कलम वाचून समजणे त्यांना अवघड, आणि परीक्षा मराठीत लिहिण्याची मुभा मिळत गेली तशी मराठी पुस्तकाची गरज उभी राहिली.

ही गरज दोन बाजूंनी भागवली गेली. एक बाजू सरकारी. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने विद्यापीठात प्रादेशिक भाषांचा पुरस्कार केला. त्यानंतर केंद्राने प्रत्येक राज्याला विद्यापीठीय ग्रंथांसाठी एक कोटी रुपयांपर्यंत मदत देण्याची योजना आखली. तिच्यातून नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार, अर्थशास्त्र, वाणिज्यशास्त्र यांचे कोश केले. दुसरी बाजू खासगी प्रकाशकांची. कोल्हापूरचे फडके प्रकाशन, पुण्याचे निराली यांच्यासारख्यांनी अभ्यासक्रमाबरहुकूम पुस्तके काढली. लेखक बहुतेक कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक. मंडळाचे ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. विद्यार्थ्याच्या पिशवीत गेले ते प्रकाशकांचे पुस्तक. विद्वत्तेच्या दृष्टीने त्याचे मोल कमी असेल, पण कायदा काय म्हणतो हे पहिल्यांदा मराठीत, विकत घेता येईल अशा रूपात त्याने गावापर्यंत नेले.

शब्दांची अडचण

या पुस्तकांतली भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. केंद्रीय कायद्यांच्या अधिकृत मराठी पाठात 'संविदा' आहे. पुस्तकात आणि बोलण्यात 'करार'. अधिकृत पाठात 'परक्राम्य संलेख'. पुस्तकात 'चलनक्षम दस्तऐवज'. 'प्रतिफल' की 'मोबदला', 'शून्यनीय' की 'रद्द करण्याजोगा', यावर लेखकागणिक मत वेगळे. वर्गात सर्वांत जास्त हशा पिकवणारा शब्द 'अज्ञान'. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे अज्ञान. विद्यार्थी मनात म्हणतो, मग परवापर्यंत मीही अज्ञानच होतो!

गंमत अशी की जुन्या व्यवहारात या संकल्पनांना शब्द होतेच. धर्मशास्त्रकारांनी खटल्यांची अठरा व्यवहारपदे सांगितली. त्यांत ऋणादान आहे, निक्षेप म्हणजे ठेव आहे, अस्वामिविक्रय म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री आहे, आणि संभूयसमुत्थान म्हणजे भागीदारी आहे. आजच्या पुस्तकातल्या प्रकरणांशी ही नावे ताडून पाहावीत. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली. ते कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेला असलेले आजचे बसवकल्याण. मराठी दफ्तरांत जामीनकतबा, गहाणखत, फारकत, हाजिरजामीन हे शब्द रोजचे होते. हुंडीची तर गोष्टच निराळी. १८८१च्या कायद्याने देशी भाषांतल्या दस्तांच्या स्थानिक रूढींना धक्का न लावण्याचे पहिल्याच कलमात मान्य केले, इतकी ती पेठेत मुरलेली होती.

परिभाषाकारांनी यातला 'निक्षेप' घेतला, 'हमी' आणि 'तारण' घेतले. बाकी बरेचसे संस्कृतातून नव्याने घडवले. त्यामुळे शास्त्राला नेमकेपणा आला हे खरे. पण एक तोटाही झाला. ज्याच्या आजोबांनी गहाणखत केले होते, त्या नातवाला पुस्तकातले प्रकरण आणि घरातला तो पिवळा कागद एकच आहेत हे ओळखू येईना.

'अ' आणि 'ब' कुठल्या गावचे?

हीच अडचण उदाहरणांत अधिक ठळक दिसते. पुस्तकातले 'अ' आणि 'ब' कुठल्याच गावचे नसतात. ते घोडा विकतात, तेल विकतात, घर भाड्याने देतात. खटले इंग्लंडचे : १८९३चा कार्बोलिक स्मोक बॉल, १९१९चा बाल्फोर. भारतीय खटला आला तरी नाव आणि तत्त्व एवढेच बहुधा उरते. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल हा १९६५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. दूरध्वनीवर झालेला करार कुठे पूर्ण होतो, हा प्रश्न. स्वीकृती जिथे ऐकू आली तिथे, हे उत्तर. ज्या मालावरून हे घडले तो माल होता सरकीची पेंड, आणि केडिया विदर्भातल्या खामगावचे. पेंड म्हणजे काय हे करमाळ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. तेवढा एक शब्द पुस्तकात आला, तर खटला गोठ्यापर्यंत पोचतो.

तालुक्यात उदाहरणांची वाण नाही. कंदर भागातली केळी परदेशी जातात. व्यापारी बागेत येऊन उभ्या मालाचा सौदा करतो. उभे पीक हा 'माल' आहे का? १९३०च्या मालविक्री कायद्याच्या दुसऱ्या कलमात उत्तर आहे : उभे पीक मालातच धरले आहे. मग मालकी केव्हा बदलते, सौदा झाल्यावर गारपीट झाली तर नुकसान कोणाचे, हे त्याच कायद्यातले पुढचे प्रश्न. पैशांऐवजी धनादेश मिळाला आणि तो वटला नाही, तर कलम १३८.

तालुक्यात आदिनाथ आणि मकाई हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाचा व्यवहार १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने बांधलेला. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. व्यापारी कायद्याच्या पेपरात या आदेशाला सहसा स्थान नसते. ऊसतोडीचा मुकादम मजुरांना हंगामाआधी उचल देतो, आणि नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतो. हा करार कोणाकोणात? बायकोची संमती कोणी विचारली? उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हे गैरवाजवी दडपण आहे की नाही? १८७५चा पेच इथे नव्या कपड्यांत उभा आहे. अमुक तत्त्वावर टीप लिहा, असे विचारण्याऐवजी हे विचारले, तर वर्गातले निम्मे विद्यार्थी अनुभवाने बोलू लागतील.

पन्नास तासिका आणि एक धरण

दुसरा विषय फार उशिरा आला. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेनंतर देशात कायदे झाले : १९७४चा जलप्रदूषणाचा, १९८१चा हवेचा, १९८६चा पर्यावरण संरक्षणाचा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये पर्यावरण हा विषय शिकवण्याचा आदेश दिला. तो प्रत्यक्षात यायला एक तप गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सक्तीचा अभ्यासक्रम आखला : आठ घटक, पन्नास तासिका, त्यांतल्या पाच प्रत्यक्ष पाहणीच्या. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या एराक भरुचा यांनी लिहिले. याच सुमारास, २००४मध्ये, सोलापूर विद्यापीठ स्वतंत्र झाले, आणि एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ असल्याने स्थानिक प्रश्न अभ्यासक्रमात आणायची चांगली संधी आली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विषयाचे दुसरे अंग भेटते. पिगू यांनी १९२०च्या ग्रंथात मांडले की उत्पादकाचा खर्च आणि समाजाचा खर्च यांत फरक पडतो. तो फरक कराने भरून काढावा. मराठी पुस्तकात याला 'बाह्यता' म्हणतात. १९६०मध्ये रोनाल्ड कोस यांनी उलट प्रश्न केला : हक्क कोणाचा हे कायद्याने स्पष्ट असेल आणि बोलणी करायला खर्च येत नसेल, तर दोघे आपसात तोडगा काढणार नाहीत का? त्यांचे उदाहरण होते गुरांचे, शेजाऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या. आपल्याकडे या प्रश्नावर १८७१चा गुरे-अतिक्रमण कायदा आणि गावोगावचा कोंडवाडा होता! हार्डिन यांनी १९६८मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका सांगितली, आणि एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या ग्रंथात दाखवले की लोक नियम करून अशी कुरणे राखतातही. गायरान पाहिलेल्या मुलाला हे चारही विचारवंत परके नाहीत.

करमाळ्याच्या उंबऱ्यावर तर याचे मोठे उदाहरण पसरलेले आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. केत्तूर, वांगी, कुगाव या पट्ट्यातली काळी जमीन आणि गावठाणे पाण्याखाली गेली. माणसे वर सरकली. भूसंपादन १८९४च्या कायद्याने. घोड्याच्या उदाहरणात निदान संमतीचा प्रश्न तरी विचारता येतो. भूसंपादनात तो नव्हताच. भरपाई बाजारभावाने. पण नदीकाठची विहीर, जत्रा, सोयरिकीचे गाव यांना बाजारभाव कुठला? बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींचे मोल कसे करायचे, हा पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न. तो या गावांनी पुस्तक येण्याआधीच सोसला. महाराष्ट्राने १९७६मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातल्या अशा कायद्यांत तो पहिल्या फळीतला, आणि त्यामागे अशा धरणांचा अनुभव होता.

पुढे दुसरा अध्याय सुरू झाला. त्याच पाण्याने काठावर ऊस, केळी आली. मासेमारीवर नवी कुटुंबे जगू लागली. आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येऊ लागले. पाणी हिरवे पडले, चिलापी वाढली. खर्च शहराचा टळला, भार खालच्या गावांवर आला. बाह्यतेची याहून नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात मिळेल? १९९६च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच मोल द्यावे हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. विद्यार्थी ते एका ओळीत लिहून दोन गुण मिळवतो, आणि संध्याकाळी त्याच जलाशयाच्या काठाने घरी जातो.

कोस यांची अट इथे कशी तुटते, हेही पाहण्यासारखे आहे. एका बाजूला लाखो घरांचे सांडपाणी, दुसऱ्या बाजूला विखुरलेले मच्छीमार आणि शेतकरी. बोलणी कोण कोणाशी करणार? म्हणून इथे कायदा लागतो. व्यापारी कायदा आणि पर्यावरणाचे अर्थशास्त्र हे वेगवेगळ्या शाखांचे पेपर असले, तरी उजनीच्या काठावर ते एकच होतात.

जुनी आवृत्ती

शेवटी एक व्यवहाराचा मुद्दा. कायद्याचे पुस्तक शिळे होते आणि शिळे पुस्तक नुकसान करते. न वटलेल्या धनादेशाचे कलम १९८९पासून अमलात आले. तेव्हा नोटीस देण्याची मुदत १५ दिवस होती. २००२च्या दुरुस्तीने ती ३० झाली. जुनी आवृत्ती वाचलेला माणूस सोळाव्या दिवशी हक्क गेला असे समजून घरी बसेल. ग्राहक कायद्यात जिल्हा पातळीची मर्यादा एक लाखावरून पाच, मग वीस लाख झाली. २०१९च्या नव्या कायद्याने एक कोटी, आणि २०२१च्या नियमाने दिलेल्या मोबदल्यावर पन्नास लाख. कंपनी कायदा १९५६चा जाऊन २०१३चा आला. इंग्रजी पुस्तकाची नवी आवृत्ती निघत राहते. मराठी पुस्तकाचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून आवृत्ती रखडते, आणि विद्यार्थी प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्सवर भागवतो. ज्याला कायद्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडे सर्वांत जुनी माहिती, हा १८७५पासूनचा क्रम असा चालूच राहतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतल्या पाठ्यपुस्तकांना पुन्हा बळ दिले आहे. यंत्राने भाषांतर करून पुस्तके लवकर तयार होतील. पण इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर झाले तरी घोडा घोडाच राहील आणि 'अ' कुठल्याच गावचा नसेल. हवे आहे ते तालुक्यात शिकवणाऱ्यांनी लिहिलेले पुस्तक, ज्यात कलम नेमके असेल आणि उदाहरण ओळखीचे. पर्यावरण विषयात पाच तासिका पाहणीसाठी होत्या. त्या केत्तूर-वांगीच्या काठावर घेतल्या, आणि व्यापारी कायद्याच्या वर्गात प्रत्येकाने घरातला एक कागद आणला, मग तो सातबारा असो, पीककर्जाचा अर्ज असो की कारखान्याची ऊसनोंद, तर पुस्तकाचा कच्चा मजकूर तिथेच तयार होईल. तो जमवून, तपासून, दर दोन वर्षांनी नवा करणे हे काही महाविद्यालयांनी मिळून करता येण्याजोगे काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. कलम वाचून त्याखाली आपले गाव पाहू शकणारा शिक्षक लागतो.